तेक्क्यॉन घरी शिकताना: त्रिकोणी पावलं, दुखरा गुडघा आणि पुढे दिलेला पाय

जुळे_सोलापूर

नमस्कार मंडळी. तायक्वांदोचा पाया पक्का आहे, शाळेतल्या मुलांना शिकवणंही चालू आहे. आता तेक्क्यॉन, म्हणजे कोरियातली जुनी लढण्याची कला, शिकायचं आहे. जवळपास शिकवणारं कुणी सापडलं नाही, म्हणून चित्रफिती बघून पुम्बाल्गी, म्हणजे त्रिकोणी पावलं, सुरू केली. तीन आठवडे झाले. रोज सकाळी वीस मिनिटं, गच्चीत, शहाबादी फरशीवर, अनवाणी.

अडचणी अशा:

दहाव्या मिनिटाला दोन्ही गुडघ्यांच्या आतल्या बाजूला दुखायला लागतं. तायक्वांदोचा तासभर सराव झाला तरी हे होत नाही. कंबरही धरते.

हात सतत हलते ठेवतात ते नेमकं कशासाठी? बघताना नाच वाटतो.

एक पाय समोरच्याच्या टप्प्यात द्यायचाच, असा नियम वाचला. तायक्वांदोत असं उभं राहिलं तर मार ठरलेला. यामागचं कारण काय?

पाय अडकवून पाडायचा सराव तालमीतल्या हौद्यात केला तर चालेल का? ओळखीची तालीम आहे, वस्ताद सकाळी जागा देतील.

आणि शेवटचं. ‘समोरच्याला इजा न करता जिंकणं’ हे तत्त्वज्ञान सगळीकडे लिहिलेलं असतं. सरावात ते कुठे दिसतं, की फक्त माहितीपत्रकात छापायला आहे?

---

तीन_मात्रा

आधी गुडघा, बाकीचं नंतर.

‘पुम’ हे नाव चिनी लिपीतल्या एका अक्षरावरून आलंय. तीन छोटे चौकोन, वर एक आणि खाली दोन. पावलांच्या जागाही त्याच तीन. खडूने फरशीवर त्रिकोण काढा. मागच्या दोन टोकांमधलं अंतर खांद्यांइतकं, पुढचं टोक बरोबर मधोमध आणि मागच्या रेषेपासून तुमच्या पावलाच्या दीडपट लांब, जास्तीत जास्त दुप्पट. तायक्वांदोवाले इथेच फसतात. आप कुबीच्या लांब पवित्र्याची सवय असल्यामुळे पाय अडीच-तीन पावलं पुढे जातो, मग तो परत ओढून आणायला गुडघ्याला जोर लावावा लागतो.

आता मोजणी. ही चाल तीन मात्रांची आहे. पहिल्या मात्रेला डावा गुडघा हलका वाकवून वजन त्याच्यावर बसवायचं आणि उजवा पाय पुढच्या टोकाकडे न्यायचा. दुसऱ्या मात्रेला उजवं पाऊल टेकतं, वजन त्याच्यावर येतं, गुडघे सैल सरळ होतात आणि ओटीपोट पुढे येतं. तिसऱ्या मात्रेला उजवा पाय आपल्या जागी परत आणि पुन्हा खाली बसणं. मग डावीकडून तेच. खाली दबण्याला ‘गुमसिल’ म्हणतात आणि पोट पुढे येऊन शरीर धनुष्यासारखं ताणलं जाण्याला ‘नुंगच्यॉंग’. वजन किती पुढे न्यायचं, पोट किती काढायचं, यात शाखाशाखांत फरक आहे. म्हणून तीन वेगवेगळ्या चित्रफिती एकदम पाहू नका. एक धरा आणि तीन महिने तीच.

तबल्याच्या ॲपवर दादरा लावा. सहा मात्रांत दोन्ही बाजू होतात. सुरुवातीला मिनिटाला साठ मात्रा. लेझीम खेळलेल्यांना हे जड जातं, कारण पाय चार आवाजांना सरावलेले असतात आणि तिसऱ्या मात्रेनंतर आपोआप एक ठोका जास्तीचा घेतात. तसं झालं की पुढची बाजू उशिरा सुरू होते आणि ती भरून काढायला माणूस घाई करतो. घाई झाली की पहिला बळी गुमसिलचा.

गुडघ्याच्या आतल्या बाजूला दुखतं म्हणजे तो वाकताना आत कोसळतोय. पाय मध्यरेषेकडे जातो, पाऊल तिरपं पडतं आणि गुडघा अंगठ्याच्याही आत जातो. त्यात तुम्ही अनवाणी, आणि शहाबादी खरबरीत. तळवा फरशीला धरून राहतो, अंग वळतं, मग तो पीळ जाणार कुठे? गुडघ्यात. तायक्वांदोत लाथ मारताना टेकलेला पाय चवड्यावर फिरतो, म्हणून तिथे तासाभरातही दुखत नाही. पुम्बाल्गीत तसं फिरणं नाही, पाऊल सपाट टेकतं.

उपाय सांगतो. पाऊल टोकावर ठेवताना बोटं किंचित बाहेर, आणि गुडघ्याची वाटी कायम अंगठ्याशेजारच्या बोटाच्या रेषेत. आरशासमोर, अर्धी चड्डी घालून करा, पायजम्यात हे दिसत नाही. खाली दबणं खुर्चीवर बसायला नुकती सुरुवात केल्याइतकंच. अर्धी बैठक नको. जोर-बैठकांची सवय असलेली मंडळी हमखास खोल जातात, कारण त्यांना वाटतं खोल म्हणजे चांगलं. इथे खोल गेलात तर पुढच्या मात्रेला वर यायला वेळ पुरत नाही. पातळ तळाचे कॅनव्हासचे बूट घाला, किंवा गच्चीऐवजी गुळगुळीत सिमेंटवर करा. वीस मिनिटं सलग नको. तीन मिनिटं पावलं, एक मिनिट थांबा, असे तीन फेरे. दुखणं थांबल्यावर दर आठवड्याला एकेक फेरा वाढवा. गुडघ्याला सूज आली, किंवा वाकताना तो अडकत असेल, तर सराव बंद करून आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.

कमरेचं कारण वेगळं. नुंगच्यॉंग म्हणजे पाठीला कमान देणं नव्हे. पोट पुढे येतं ते जांघेतून, नितंब आवळून. तुम्ही बहुतेक माकडहाडाच्या वर कंबर मोडताय. एक तळहात कमरेच्या खोलगट भागावर ठेवून दहा वेळा करा. हाताखालची खळगी खोल होत असेल तर चुकतंय. ती तशीच राहून पोट पुढे आलं पाहिजे. आपल्याकडे सिद्धेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वज पेलणाऱ्यांकडे नीट बघा. तोल छातीत नसतो, कमरेखाली असतो, आणि वजन बसल्याशिवाय पुढचं पाऊल उचललं जात नाही.

हातांचं. याला ह्वाल्गेजित म्हणतात, पंखांसारखे पसरलेले हात हलवणं. कामं तीन. आलेली लाथ बाजूला वळवणं, समोरच्याची नजर खेचणं आणि स्वतःचा तोल राखणं. कोपर सैल, मूठ नाही, हात बेंबीपासून भुवईपर्यंतच्या पट्ट्यात. भुवईच्या वर गेले की बरगड्या उघड्या पडतात, आणि खरं सांगायचं तर मग तो नाचच होतो. पाय पुढे जातो त्याच्या उलट बाजूचा हात पुढे, आपण चालताना होतं तसंच. हे जमत नसेल तर हात आठवडाभर कमरेवर ठेवा. पाय पक्के झाले की हात आपसूक जागेवर येतात.

‘इक्’ आणि ‘एक्’ असे आवाज ऐकले असतील. तायक्वांदोची आरोळी नव्हे ती. ओटीपोट झटक्यात आवळून थोडी हवा सोडायची, तेवढाच आवाज. घसा ताणला जात असेल तर चूक.

---

लाल_माती

मास्तर, हौद्याचं मी सांगतो ओ. पावलं तिथे नकोच.

हौद्यातली माती खणून भुसभुशीत केलेली असते. ताक, तेल, हळद घालून ती मऊ ठेवतात, कारण तिथे अंग पडायचं असतं. त्यात पाऊल दोन-तीन बोटं रुततं. कुस्तीत हे चालतं, कारण दोघं एकमेकांना धरून असतात, टांग लागली की दोघांचं वजन एकदम जातं. तुमच्या खेळात धरणं क्षणाचं, आणि फटका लांबून घोट्यावर. रुतलेल्या पायाच्या घोट्यावर आडवा फटका बसला तर पाऊल सुटत नाही, गुडघ्याच्या बाजूचा बंध ताणला जातो. आणि मारणाऱ्याचा पाय जमिनीलगत यायचा, तो मातीत घासून मंद होतो. म्हणजे लागायचं ते लागतं आणि पडायचं ते पडत नाही.

हौद्याचा उपयोग एकाच गोष्टीला, पडायला शिकायला. तायक्वांदोच्या पोरांना पडता येत नाही, कारण तिथे पडलं की दंड. पहिले दोन आठवडे फक्त पडणं घ्या. उकिडवं बसून मागे लोळणं, हनुवटी छातीला, डोकं टेकता कामा नये, दोन्ही तळहात अंगापासून थोडे लांब सपाट आपटायचे. दहा वेळा. मग तेच अर्ध्या बैठकीतून, मग उभ्यातून. बाजूला पडणं तसंच, दोन्हीकडे. पोरं हात मागे टेकवायला बघतात, आणि मनगट मोडतं ते तिथेच. हात मागे जाताना दिसला की त्या पोराचा उभ्याचा सराव थांबवा, परत उकिडवं बसवा. लाजायचं काही कारण नाही.

पाडायचा सराव मॅटवर. एक मीटर बाय एक मीटरच्या, एकमेकांत अडकणाऱ्या फोमच्या चटया मिळतात. पावलांना २५ मिलिमीटरच्या ठीक, पाडापाडीला ४० च्या. पैसे वाचवायला कुणी घरच्या सोलापुरी चादरींच्या घड्या फरशीवर घालतं. घालू नका. चादर फरशीवरून सरकते आणि पाय तिच्यासकट जातो. चटईच्या फटीत बोट अडकतं, ते पण रोज तपासा.

आता अडकवणं. तेक्क्यॉनमधले जे खालचे डाव आहेत त्यांना मिळून ‘तांजुक’ म्हणतात. त्यातला एक ‘नाक्शिगॉरी’. नाक्शी म्हणजे मासे पकडायचा गळ. आपल्या पायाचा पुढचा भाग वाकवून समोरच्याची टाच मागून गळासारखी ओढायची. दुसरा ‘हॉयमोकचिगी’, तळव्याने घोट्यावर बाजूने मारणं. ताकद दोन्हीत कमी, वेळ महत्त्वाची.

वेळ कशी पकडायची? समोरच्याच्या पायावर वजन येत असतं तो क्षण. वजन यायच्या आधी मारलं तर तो पाय नुसता उचलला जातो, तो हसतो आणि तुम्हीच उघडे. वजन पूर्ण बसल्यावर मारलं तर खांब. आपल्या टांगेचंही तेच की ओ, बाहेरची टांग असो नाहीतर आतली. वस्ताद पोराला आधी नजर शिकवतो, मग पाय.

सराव असा घ्या. एक जण मिनिटाला चाळीस मात्रांच्या संथ चालीत पावलं टाकतो. दुसरा फक्त बघतो आणि वजन यायला लागलं की ‘आता’ म्हणतो. वीस वेळा. त्यात पंधरा बरोबर आले की तळवा घोट्याला नुसता लावायचा, मारायचं नाही. पुन्हा पंधरा. मग ओढायचं, तेही जोडीदाराचा दंड हाताने आधाराला धरून. पोरांना थेट मारायला दिलं तर दोन दिवसांत सगळ्यांच्या नडग्या निळ्या. पायाच्या वरच्या हाडाने नडगीवर मारायची सवय असते ना, ती मोडायला लागते. तळवा लावायचा, हाड नाही.

आणि ओढताना स्वतः मागे झुकू नका. टाच निसटली की स्वतःच चितपट.

---

साखर_पेठ

लाल_माती दादांनी धरण्याचा विषय काढलाच आहे तर एक पुरवणी. चालू स्पर्धांत कपडे धरायला मनाई आहे. मानेवर मागून हात टाकून खाली ओढणं चालतं, त्याला तॉल्मिजेबी म्हणतात. समोरच्याने लाथ मारली तर गुडघ्यामागची लवण हाताने धरून पाडणंही चालतं. मुठीने मारणं नाही. हार होते ती दोन प्रकारे. गुडघा किंवा त्याच्या वरचा कुठलाही भाग जमिनीला लागला, किंवा डोक्याला स्पष्ट लाथ बसली. गुण मोजत बसायची भानगड नाही. म्हणजे चितपट आहे, पण पाठच टेकली पाहिजे असं नाही.

आता पुढे दिलेला पाय आणि तत्त्वज्ञान. हे दोन प्रश्न वेगळे नाहीत, म्हणून एकत्र सांगते.

त्या नियमाचं नाव ‘देजॉप’. कोरियनमध्ये देजॉप म्हणजे पाहुणचार, आदरातिथ्य. समोरच्याला मारता येईल इतक्या अंतरावर एक पाऊल त्याच्या पुढ्यात द्यायचं. तायक्वांदोच्या डोळ्यांनी बघितलं तर वेडेपणा वाटेल, कारण तिथे अंतर हीच ढाल. टप्प्याबाहेर नाचायचं, आत शिरून मारायचं, बाहेर पडायचं. तेक्क्यॉनने ही ढाल काढून घेतली. आता तुम्हाला पळता येत नाही आणि समोरच्यालाही येत नाही. मग वाचायचं कसं? त्या दिलेल्या पायावर वजन कमीत कमी वेळ ठेवून. वजन असलेला पाय पडतो, मोकळा पाय उचलून घेता येतो. म्हणजे पुम्बाल्गी ही खेळाआधीची कवायत नाही, देजॉपचं उत्तर आहे. तुम्ही ती एकटे गच्चीत करता तेव्हा तिचं अर्धं कारण तुमच्यासमोर उभंच नसतं. जोडीदार समोर ठेवा, एक पाऊल त्याच्या टप्प्यात द्या, आणि तीच पावलं टाका. तिसऱ्या मिनिटाला कळेल की वजन का हलतं ठेवायचं.

लाथांनाही हीच शिस्त आहे. छातीपोटावर सरळ, घुसणारी लाथ सामन्यात चालत नाही. तिथे तळवा लावून ढकलायचं, त्याला ‘नुन्जिरुगी’ म्हणतात. फरक कसा ओळखायचा? लाथ बसल्यावर समोरचा कळवळला तर चूक, मागे सरकून तोल गेला तर बरोबर. चेहऱ्यावर तळव्याची चापट मारण्याचं तंत्र आहे, ‘बाल्त्तागुइ’, शब्दशः पायाची थोबाडीत. जबडा मोडणं हा हेतूच नाही. थोबाडीत खाल्ली, गावासमोर हरलास, संपलं.

‘इजा न करता जिंकणं’ हे माहितीपत्रकातलं वाक्य वाटतं, कारण ते नेहमी नियमांपासून तोडून लिहिलेलं असतं. नियमांत बसवून पाहिलं तर ते कुठल्या भावनेवर अवलंबून नाही. तुम्ही कितीही रागीट असा, पाऊल द्यावंच लागतं, पोटावर ढकलावंच लागतं, पडल्यावर थांबावंच लागतं. याचा अर्थ असा नाही की तेक्क्यॉन मवाळच होतं. मारून जायबंदी करण्याच्या जुन्या युक्त्यांना ‘येत्बॉप’, म्हणजे जुनी रीत, म्हणतात. त्या वेगळ्या ठेवल्या आहेत, सामन्यात नाहीत. घराघरात विळा असतो, म्हणून काही कुणी तो शेजाऱ्यावर उगारत नाही, तसंच.

खेळ गावचा होता, हेही विसरू नये. ‘ग्यॉल्ल्यॉन’ प्रकारात दोन वस्त्यांचे संघ भिडत, जिंकलेला हरेपर्यंत मैदानात राहत असे. मोठ्यांच्या आधी लहान मुलांच्या लढती. आपल्या कुस्तीच्या मैदानात आधी चिल्ल्यापिल्ल्यांच्या जोड्या आणि शेवटी इनामी कुस्ती, अगदी तसंच. दुसऱ्या दिवशी त्याच शेजाऱ्याबरोबर शेतात उतरायचं असेल तर त्याचा गुडघा फोडून कसं चालेल? एकोणिसाव्या शतकातल्या यु सुक या चित्रकाराच्या नावावर एक चित्र आहे, त्यात गर्दीच्या मधोमध एक जोडी कोरियन कुस्ती, म्हणजे स्सिरुम, खेळते आणि दुसरी तेक्क्यॉन. भोवती म्हातारे, पोरं, विक्रेते. आपल्या सिद्धेश्वरांच्या यात्रेतली गड्ड्याची जत्राच म्हणा.

१९१० ते १९४५ या जपानी अमलात हे जवळजवळ संपलं. पुढे आलं ते मुख्यतः एका माणसामुळे, सोलचे सोंग दॉक-गी, जन्म १८९३. त्यांच्याकडून शिकून चुंगजूच्या शिन हान-सुंग यांनी तंत्रांची वर्गवारी लावली. १९८३ साली कोरियन सरकारने तेक्क्यॉनला महत्त्वाच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात ७६ वा क्रमांक दिला. १९८७ साली दोघंही गेले. युनेस्कोच्या यादीत ते २०११ साली आलं. आज ज्या शाखा दिसतात त्यांच्यातला फरक बराचसा इथूनच आलाय. कुणी सोंग यांची सैल, मोकळी चाल धरली, कुणी शिन यांची बांधीव मांडणी. म्हणून तीन_मात्रा यांचं ‘एकच शाखा धरा’ हे म्हणणं लाख मोलाचं.

---

जुळे_सोलापूर

सगळ्यांचे आभार. आरशात बघितलं, गुडघा खरंच आत जातोय, उजवा जास्त. त्रिकोण आखला तर माझं पाऊल अडीचपट पडत होतं.

दोन उपप्रश्न. तायक्वांदो हे तेक्क्यॉनमधूनच आलं, असं आम्हाला परीक्षेच्या पुस्तिकेत शिकवलं. मुलांना तेच सांगू का? आणि मुलांना डोक्यावरच्या लाथा द्यायच्या की नाही?

---

साखर_पेठ

‘आलं’ असं सरळ सांगू नका. तायक्वांदो हे नाव १९५५ चं. १९४० च्या दशकात सोलमध्ये ज्या पहिल्या आखाड्यांतून ते उभं राहिलं, त्यांचे बरेच संस्थापक जपानमध्ये कराटे शिकलेले होते. सुरुवातीच्या क्रमबद्ध कवायती कराटेच्याच होत्या. लाथांवरचा भर आणि ‘हे आमचं आहे’ ही भावना कोरियन मातीतली, आणि तेक्क्यॉनचं नाव त्या भावनेला आधार म्हणून घेतलं गेलं. मुलांना सांगा की दोघं एकाच गावचे, पण बापलेक आहेत असा पुरावा नाही. चूक इतकी पसरली आहे की खुद्द तायक्वांदोच्या लोकांतच यावर वाद चालतात.

---

तीन_मात्रा

डोक्यावरच्या लाथांबद्दल. द्या, पण शेवटी द्या आणि चापटीसारख्या द्या.

तायक्वांदोतली सवय अशी की गुडघा वर उचलून, दुमडून, मग झटका. तेक्क्यॉनमध्ये नुंगच्यॉंगच्या ताणातून पाय कमरेपासून सैल झुलत वर येतो. समोरून बघणाऱ्याला कळत नाही की पाय पाऊल टाकायला उचललाय की लाथ मारायला, आणि तीच त्याची धार. तुमच्या मुलांचा गुडघा आधीच वर गेला की समोरच्याला अर्धी मात्रा आधी कळतं. हे मोडायला एक सोपी युक्ती. भिंतीला पाठ लावून नव्हे, तर भिंतीकडे तोंड करून हातभर अंतरावर उभं करा आणि पाय बाजूने वर न्यायला सांगा. गुडघा दुमडून पुढे आणला तर तो भिंतीला आपटतो. आठ-दहा वेळा आपटला की पाय बाजूने वर जायला शिकतो. भिंतीला चटई टेकवा म्हणजे रडारड होत नाही.

उंची आधी कमरेएवढी, मग छातीएवढी. हातात घडी घातलेला टॉवेल धरून जोडीदाराने उभं राहायचं, टॉवेलला तळव्याने चापट. आवाज ‘फट्’ असा सपाट यायला हवा. ‘ढब’ असा आला तर टाच लागतेय. टाच लागत असेपर्यंत कुणालाही माणसाच्या चेहऱ्यासमोर उभं करू नका.

---

लाल_माती

बारा वर्षांखालच्यांना मी तरी चेहरा देणार नाही. टॉवेलपर्यंत ठीक. पोरं तिसऱ्या दिवशी टॉवेल सोडून कान धरतात. त्यांना तांजुक आणि ढकलणं पुरेसं आहे, हारजीत त्यातही होते. तीन डाव, त्यातले दोन जिंकणारा जिंकला, एवढं ठेवा. आणि एका वेळी एकच जोडी. पाच जोड्या एकदम सोडल्या की कोण पडलं ते तुम्हाला दिसत नाही, आणि पडणारा शेजारच्या जोडीच्या पायात जातो.

उन्हाचंही बघा. मार्चपासून सकाळी साडेसहाच्या आत आटपा. मे महिन्यात गच्चीची फरशी आठालाच तापते, तळवे पोळले की पोरं चवड्यावर उभी राहतात आणि तीन_मात्रा सरांचा सगळा गुमसिल गेला.

---

तीन_मात्रा

तेही बरोबर. चवड्यावर उभं राहायची सवय तायक्वांदोतून आधीच आलेली असते, तापलेल्या फरशीने ती पक्की होते. टाच टेकलीये का, हे तपासायला टाचेखाली जुन्या वर्तमानपत्राचा चौकोनी तुकडा ठेवा. पाऊल टेकल्यावर दुसऱ्याने तो मागून ओढायचा. निघून आला तर टाच वर आहे.

---

जुळे_सोलापूर

कागदाचा तुकडा आज करून बघितला. डावी टाच टेकते, उजवी नाही. उजवाच गुडघा जास्त आत जातो, म्हणजे दोन्हीचं मूळ एकच दिसतंय. घोटा कडक असेल का?

---

तीन_मात्रा

शक्य आहे. भिंतीपासून चार बोटं अंतरावर अंगठा ठेवा, टाच न उचलता गुडघा भिंतीला लावून बघा. डावा लागला आणि उजवा नाही, तर घोट्याचाच प्रश्न. पोटरी ताणायची, तीस सेकंद, तीन वेळा, रोज दोनदा, एकदा गुडघा सरळ आणि एकदा किंचित वाकवून. तोवर त्रिकोण दीडपटाऐवजी एका पावलाइतकाच आखा.